परळमधली अक्कलदाढ

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबांना माझ्याशी दोन शब्द बोलायलासुद्धा सवड नव्हती. कुडाळच्या पलीकडे आमचं गाव, आणि घरामागे बाबांची आंब्याकाजूच्या कलमांची नर्सरी. लागवडीचे दिवस जवळ आले होते, गिऱ्हाइकं दारात उभी होती. दुपारी माल न्यायला टेम्पो आला तेव्हा बाबांनी ड्रायव्हरला सांगितलं की आधी हिला एसटी स्टँडवर सोड, मग पुढे जा. आईने माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. तिच्यात कुळथाचं पीठ, सुके बांगडे आणि जुन्या साडीत गुंडाळलेली कोकमाची बाटली. "जीवाक संभाळ. उपाशी रवू नको," एवढंच ती म्हणाली. ते ती मी शाळेला निघतानाही म्हणायची.

बाबा टेम्पोच्या मागे कलमं आडवी पडू नयेत म्हणून दोरी आवळत होते. ते पुढे येतील, खिडकीशी उभे राहतील, असं मला वाटत होतं. त्यांनी गाठ मारली, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ड्रायव्हरने गाडी सोडली. मागे वळून पाहिलं तर मध्ये नुसती कलमांची पानं. बाबा दिसलेच नाहीत. त्यांनी त्या संध्याकाळी आतेला तीनदा फोन करून गाडी कुठे पोचली असेल ते विचारलं, हे मला खूप नंतर कळलं.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन लालबागला आली ती तिथलीच झाली. तिचे यजमान मिलमध्ये होते, ते मी यायच्या आधीच गेले. मूलबाळ नव्हतं. चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर तिची एक खोली होती आणि ती मसाल्याच्या डंकावर कामाला जायची; मिरच्या निवडणं, खडा मसाला भाजणं, कुटून झाला की चाळणं. तिच्या बोटांच्या पेरांत हळद कायमची बसलेली होती. परळ डेपोत ती मला घ्यायला आली तेव्हा मी वाकून नमस्कार केला आणि वर उठताना मला सात शिंका आल्या. ती हसून म्हणाली, होईल सवय. सवय झाली, पण त्याला वर्ष लागलं.

मला नोकरी लागली होती ती परळच्याच एका संशोधन संस्थेत, पेशी वाढवायच्या प्रयोगशाळेत. मी कोल्हापूरला एम.एस्सी. केलं होतं, पण तिथे पेशी पाहिल्या होत्या त्या पुस्तकात आणि काचपट्टीवर रंगवलेल्या. इथे त्या जिवंत होत्या. प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत, गुलाबी पाण्याच्या तळाशी चिकटून बसलेल्या. त्या पाण्याला मीडियम म्हणतात. ते पेशींचं अन्न. बाटली म्हणजे फ्लास्क. फ्लास्क ठेवायचा तो इनक्युबेटरमध्ये, माणसाच्या अंगाइतक्या उबेत. आणि उघडायचा तो फक्त हूडमध्ये, म्हणजे काचेचा पडदा असलेल्या, गाळलेल्या हवेच्या कपाटात. हे शब्द पहिल्या महिन्यात माझ्या तोंडात इतके बसले की गावी फोन केल्यावर मी आईला म्हणाले, "आज तीन फ्लास्क कंटॅमिनेट झाले." आईने विचारलं, "म्हणजे कोणाक काय लागला काय गो?"

माझ्या वरिष्ठ होत्या कर्णिक मॅडम. पुण्याच्या, स्वच्छ शुद्ध बोलणाऱ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बसवून कामाचा हेतू सांगितला. शरीरातून काढलेली निरोगी पेशी बाहेर वाढवली की ती ठराविक वेळा दुभागते आणि मग थांबते. प्रत्येक दुभागणीत तिच्या गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात. झीज एका मर्यादेला पोचली की पेशी पुढे जात नाही. म्हणून निरोगी पेशींवर लांबचा अभ्यास करता येत नाही. कॅन्सरच्या पेशी मात्र थांबत नाहीत, त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच भरलेल्या. आम्हांला हवी होती तोंडाच्या आतल्या अस्तराची, हिरडीची पेशी. इथल्या माणसाची, निरोगी. झिजलेली टोकं पुन्हा भरून काढणारा जनुक तिच्यात सोडायचा, म्हणजे ती वाढतच राहील. आणि एवढं करून ती हिरडीचीच पेशी राहिली पाहिजे. तिने आपलं काम विसरता कामा नये, आणि कॅन्सरच्या वाटेला तर लागताच कामा नये. पेशींची अशी न थांबणारी वंशावळ, म्हणजे लाइन, हाती आली तर तंबाखू-सुपारीने निरोगी तोंडात पहिली बिघाडी कुठे होते ते पाहता येईल.

मी हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना काही कळणार नाही. ते म्हणाले, "म्हणजे कलमाचा काम. झाड जगवणा कठीण नाय. गुण टिकवणा कठीण." मॅडमनी अर्ध्या तासात सांगितलेलं बाबांनी एका वाक्यात आटपलं, आणि वर विचारलं की जेवलीस का.

निरोगी हिरडीचा तुकडा मिळणार कुठून? त्याचं उत्तर होतं अक्कलदाढ. वाकडी उगवलेली अक्कलदाढ काढताना भोवतीची थोडी हिरडी कापावीच लागते आणि ती टाकून देतात. दातांच्या दवाखान्याशी संस्थेचा तसा करार होता. माझं काम असं, की दाढ काढायला आलेल्या माणसाशी आधी बोलायचं, हेतू समजावून सांगायचा, संमतीचा कागद वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. लोक आधीच घाबरलेले, गाल सुजलेले. काही जण मला हातानेच नको म्हणून सांगत. एका आजोबांनी तर विचारलं, की बाई, तुम्ही माझी अक्कल घेऊन कोणाला लावणार?

असाच एके दिवशी तो भेटला. त्याचं खरं नाव लिहिता येणार नाही, तसा नियम आहे, मिलिंद म्हणते. वय सव्वीस-सत्तावीस, नायगावच्या बीडीडी चाळीत लहानाचा मोठा झालेला, हिंदमाताला साड्यांच्या दुकानात सेल्समन. त्याने कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला, शेवटपर्यंत. मग म्हणाला, "मॅडम, माझे वडील तोंडाच्या कॅन्सरने गेले. मिलमध्ये तंबाखू खायचे. शेवटी तोंड उघडेना, चमचापण जाईना. मी सुपारीपण खात नाही. माझं चालेल का?" मी म्हटलं, तसंच हवं आहे. त्याने सही केली, पुन्हा संपर्क केला तर चालेल या ओळीपुढेही खूण केली आणि वर माझा चेहरा बघून म्हणाला, "तुम्ही का टेन्शन घेताय? दाढ माझी काढतायत."

तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा मी थंड डब्यातून स्वतः चालत आणला. त्यातून पेशी मोकळ्या केल्या, वाढवल्या, आणि पहिल्या खेपेच्या काही कुप्या गोठवून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या. उरलेल्यांत तो जनुक सोडून काम सुरू झालं.

त्या दिवसांत मी घरी फारच कडक झाले होते. आमच्या कामात बुरशी आणि यीस्ट म्हणजे शत्रू. आंबवलेल्या पिठाचा अंश कपड्यांवरून, केसांवरून आला तर महिन्यांचं काम एका रात्रीत नासतं. आते आठवड्यातून तीनदा आंबोळ्या करायची. मी तिला सांगितलं, की रविवारशिवाय पीठ आंबवायचं नाही. तिने पिठाचं भांडं धुऊन माळ्यावर ठेवलं ते असं, की मी ते पाहावं. डंकावरून आल्यावरही ती आधी मोरीत जाऊन साडी बदलायची आणि मगच माझ्या बॅगेजवळ यायची. मी तिच्या घरात आश्रयाला आले होते, आणि नियम माझे चालत होते.

पेशी वाढल्या. अधूनमधून मंदावल्या, मग एकदम जोमाने सुटल्या. जिथे इतर माणसांच्या सगळ्या थांबल्या होत्या तिथून या पुढे गेल्या. मी दर दोन दिवसांनी फ्लास्क वाटून देत होते आणि वहीत आकडा चढत होता. मॅडम कधी नव्हे त्या दिवसातून दोनदा माझ्या टेबलाशी येऊ लागल्या. एका परिषदेत ही लाइन मांडायचं ठरलं. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेने मागणी केली म्हणून एक कुपी पाठवलीसुद्धा. गावी आईने देवळात नारळ दिला.

मांडणीच्या आधी एकच औपचारिकता उरली होती, ओळख-चाचणी. पेशींचा डीएनए बाहेर पाठवायचा. प्रत्येक माणसाचा नमुना वेगळा असतो, त्यावरून या पेशी कोणाच्या ते ठरतं. तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, अहवाल माझ्या ईमेलवर आला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की हा नमुना आमच्याच प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या कॅन्सरच्या लाइनशी तंतोतंत जुळतो.

मी ते चार वेळा वाचलं. मग वही काढून मागे मागे गेले. पेशी एकदम जोमाने सुटल्या त्याच्या तीन आठवडे आधीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, की त्या दिवशी मी दोन्ही पेशींचं काम लागोपाठ केलं होतं, आणि मीडियम कमी होतं म्हणून एकाच बाटलीतून घेतलं होतं. एक थेंब. त्या थेंबातून गेलेल्या दोनचार कॅन्सरच्या पेशींनी मिलिंदच्या पेशींना मागे टाकून अख्खा फ्लास्क व्यापला होता. दीड वर्ष ज्यांना मी अन्न घातलं, त्या भलत्याच कोणाच्या होत्या. आंबोळीच्या पिठाला घाबरून बसले होते मी, आणि चूक माझ्याच हाताने झाली होती.

तो अहवाल फक्त मला आला होता. मॅडम मीटिंगला होत्या, चार तास येणार नव्हत्या. तेवढा वेळ ही गोष्ट जगात माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हती, आणि त्या चार तासांत मी काय काय विचार केला ते सांगायची अजून लाज वाटते. नमुना पुन्हा पाठवावा. लेबल बदललं असेल म्हणावं. चाचणी परिषदेनंतर करू म्हणावं. माझी नेमणूक वर्षावर्षाने वाढत होती. हे काम बुडालं तर मीही बुडणार होते. गावाला परत जायचं तर काय तोंड घेऊन?

जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन बाबांना फोन केला. नर्सरीत पाणी सोडल्याचा आवाज येत होता. मी रडत रडत सगळं सांगितलं. बाबांनी मध्येच पाणी बंद केलं. ना रागावले, ना धीर दिला. त्यांनी विचारलं, "पयली काडी शिल्लक आसा?"

मला आधी कळेनाच. मग कळलं. कलम फसलं तर बाबा मूळ झाडाकडे परत जातात, पुन्हा काडी घेतात. माझ्या पहिल्या खेपेच्या कुप्या, चुकीच्या त्या दिवसाच्या कितीतरी आधीच्या, टाकीत गोठलेल्या होत्या. मी म्हटलं, आहे. "मगे रडतंस कित्याक? आधी बाईंका जाऊन सांग."

मॅडम आल्या तशी मी अहवाल आणि वही त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या पानावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोरच बंगळूरला कळवलं की आम्ही पाठवलेली कुपी नष्ट करा, ती चुकीची आहे, लेखी मागाहून पाठवते. दुसरा फोन परिषदेच्या लोकांना. दोन्ही फोनवर त्यांनी "आमची चूक" असं म्हटलं. माझं नाव घेतलं नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "जे झालं ते आजच्या तारखेने वहीत लिही. खाडाखोड न करता. आणि उद्यापासून एका पेशीला एक बाटली."

घरी आतेला सांगितलं. ती मिरचीचे डाग पडलेले हात पुसत ऐकत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "म्हणजे माज्या आंबोळ्यांचो काय दोष नाय मां?" मी म्हटलं, नाही आते. ती उठली, माळ्यावरचं भांडं काढलं आणि तांदूळ भिजत घातले. दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

गोठवलेल्या कुप्या खरंच मिलिंदच्याच आहेत हे सिद्ध करायला त्याचा ताजा नमुना हवा होता, गालाच्या आत फिरवलेला कापसाचा बोळा. फोनवर नीट सांगता येईना म्हणून मी हिंदमाताला त्याच्या दुकानात गेले. लग्नसराई होती; तो गादीवर बसून एका नवरीच्या आईपुढे पैठण्या उलगडत होता. मला बघून त्याने दुसऱ्याला बसवलं आणि आम्ही मागच्या जिन्यात, साड्यांच्या खोक्यांमध्ये उभे राहिलो.

मी सुरुवातच चुकीची केली. म्हटलं, की तुमच्या पेशींची तपासणी केली तर त्या कॅन्सरच्या निघाल्या. पुढचं वाक्य बोलायच्या आत त्याचा चेहरा पांढरा पडला. तो खोक्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आईला सांगू नका."

मी त्याच्यासमोर खाली बसले. घाईघाईने, गोंधळत, पण एकेक करून सांगितलं. तुम्हांला काही झालेलं नाही. त्या पेशी तुमच्या नव्हेतच. दुसऱ्याच्या होत्या, माझ्या हातून मिसळल्या. चूक माझी आहे. त्याने ते मला दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग डोळे पुसून हसला. "मॅडम, साडी दाखवताना आम्ही आधी पदर दाखवतो. तुम्ही डायरेक्ट डाग दाखवलात." त्याने माफ केलं म्हटलं असतं त्यापेक्षा मला त्या हसण्याने जास्त बरं वाटलं.

तोंड धुऊन आल्यावर त्याने गालात बोळा फिरवू दिला. जाता जाता विचारलं, की मग त्या दुसऱ्या पेशी कोणाच्या? मी सांगितलं, फार वर्षांपूर्वी परदेशात वारलेल्या एका माणसाच्या. "त्याच्या घरच्यांना माहितीये?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तो म्हणाला, "माझ्या बाबतीत असं करू नका. कळवत जा." आजवर मी कळवत आले आहे. आमच्या संमतीपत्रात आता तशी एक वेगळी ओळ आहे. मॅडमनी ती घालून घेतली.

दुसऱ्या खेपेला अडीच वर्षं लागली. सांगण्यासारखं त्यात फार काही नाही, कारण बराचसा वेळ वाट पाहण्यातच गेला. पेशी मंदावल्या, मोठ्या पसरट झाल्या, थांबल्या. सात आठवडे फ्लास्कमध्ये काही हललं नाही. रोज मी मीडियम बदलत होते, स्वतंत्र बाटलीतून, तिला हिरवी टेप लावलेली. आठव्या आठवड्यात एका कोपऱ्यात लहानसं बेट दिसलं. या वेळी मी आनंदाने नाचले नाही. आधी ओळख-चाचणी पाठवली. अहवाल आला तो मी मॅडमच्या खोलीत, त्यांच्यासमोर उघडला. मिलिंदच.

मग एकेक परीक्षा. गुणसूत्रं मोजली, शेहेचाळीस, जागच्या जागी. शेजारणीला टेकल्या की या पेशी वाढायच्या थांबत होत्या, आडदांडपणे एकमेकींवर चढत नव्हत्या. कॅन्सरच्या पेशींना ते भान नसतं. आणि शेवटी त्यांना हवेशी खुलं ठेवून बघितलं, तोंडात असतात तसं. दोन आठवड्यांनी त्यांनी थरावर थर रचले होते. कोणी शिकवलेलं नाही, भोवती तोंड नाही, जीभ नाही, तरी हिरडी होऊन बसल्या होत्या. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना फोन कर." मी त्यांना बाबांचा तो पहिल्या काडीचा प्रश्न कधी सांगितला होता, ते मला आठवत नव्हतं.

परवानगी काढून आम्ही मिलिंदला प्रयोगशाळा पाहायला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, आईला घेऊन. मी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. तो खूप वेळ बघत राहिला. म्हणाला, की चाळीच्या गॅलरीतल्या लाद्यांसारखं दिसतंय. मग आईला बसवलं. तिने बघितलं आणि मुलाच्या गालाला हात लावला, दाढ काढली होती त्या बाजूला. त्यांची चाळ त्याच वर्षी पाडली होती. नव्या टॉवरमध्ये त्यांना बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं होतं. मिलिंद म्हणाला, "बिल्डिंग गेली, मॅडम. दाढ राहिली." त्याची आई त्याला म्हणाली, की असं अभद्र बोलू नये, पण तीही हसत होती. जाताना तिने मला विचारलं, की यातून कोणाचं तोंड वाचेल का? मी खरं तेच सांगितलं, की लगेच नाही, पण शोधायला आता जागा झाली. ती म्हणाली, "चालेल. यांच्या वेळेला तेवढंपण नव्हतं."

ती लाइन आता पाच-सहा ठिकाणी वापरात आहे. तिला एक नंबर आहे, नाव नाही. मी कायम झाले. मॅडम निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. नव्या मुलींना पहिल्या दिवशी टेप लावायला मी शिकवते आणि ते वहीचं पानही दाखवते.

आणि मी? गावातून निघालेल्या आपणा सगळ्यांना एकमेकांना विचारायचं असतं ते हेच, की रमलात का. आणि गावात राहिलेल्यांना विचारायचं असतं, की परत कधी येणार. पहिली काही वर्षं मी दोन्हींकडे खोटं बोलले. इथे म्हणायचे, गाव किती छान. तिथे म्हणायचे, मुंबई किती छान. खरं तर तेव्हा मला कुठेच झोप लागत नव्हती. आता लागते. लालबागला डंक सुरू झाला की लागते, आणि गावी गेले तर मागच्या दारी वाऱ्यावर माड हलले तरी लागते. गावी माझं बोलणं शहरी झालं म्हणून चुलतभाऊ हसतात. इथे रागावले की मालवणी निघते म्हणून मुली हसतात. दोन्हीचं मला वाईट वाटत नाही. सकाळी आते आणि मी गॅलरीत चहा पिताना समोरच्या इमारतीच्या कठड्यावर कबुतरं भांडतात ती बघतो, आणि कोणाची बाजू घ्यायची यावरून आमचंच भांडण होतं.

गेल्या हिवाळ्यात आतेच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आई मदतीला पंधरा दिवसांसाठी आली आणि दोन महिने राहिली. इतक्या वर्षांत ती कधी चार दिवसांवर टिकली नव्हती. पाणी जड, जिना उंच, माणसं घाईची. या वेळी मात्र तिने शेजारणींशी ओळख केली, पिठाची गिरणी शोधली, आतेच्या डोळ्यात वेळेवर थेंब घातले, आणि मिरचीच्या वासाने शिंकत शिंकत डंकावरही दोनदा जाऊन आली. तिने कधीच या जागेला घर म्हटलं नव्हतं. ती म्हणायची, वन्संची खोली.

एका शनिवारी मी कामावरून परत येत होते. बाजाराच्या कोपऱ्यावर आई कोळणीपुढे बसलेली दिसली, पाठमोरी. सरंग्याच्या भावावरून दोघींची बरीच घासाघीस झालेली असावी, कारण कोळीण शेवटी म्हणाली, की मावशी, तुम्ही नव्या दिसता, कुठनं आलात? मी थांबले. मला वाटलं, आता कुडाळचं पुराण निघणार.

"आलंय खंयसून? हयंच ऱ्हवतंव," आई म्हणाली. "ह्या समोरच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यार आमचा घर. चेडू माजा लॅबमधसून भुकेला येतला. बरो ताजो दी."

कोळणीने सरंगा बदलून दिला. मी पुढे होऊन आईच्या हातातली पिशवी घेतली. तिने वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, उशीर केलास आज. मग आम्ही दोघी जिना चढून वर आलो.